देव दारात येतो, दाखला येत नाही

संयोजक मंडळी, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले रसिक, आणि पायऱ्या चढता न आल्यामुळे खाली अंगणातच थांबलेली माझी माणसं,

संगमेश्वरात भाषणाला उभं राहिलं की संभाजी महाराज इथे पकडले गेले त्या १६८९ सालापासून सुरुवात करायची, अशी रीत आहे. मला ती पाळता येत नाही, कारण मला उभंच राहता येत नाही. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. म्हणून मी आज सकाळपासून सुरुवात करतो.

सकाळी या सभागृहाच्या नऊ पायऱ्यांवरून चार तरुणांनी मला खुर्चीसकट वर आणलं. “सांभाळून रे, तिरकी धरू नको!” असा गलका चालला होता. शिमग्यात पालखीचे भोई खांदा बदलतात तसे पाचव्या पायरीवर दोघांनी हात बदलले. फोटो निघाले. कोणीतरी म्हणालं, “माणुसकी अजून शिल्लक आहे हो.” त्या चौघांच्या मनगटांबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं नाव पत्रिकेवर दोन महिन्यांपूर्वी छापलंत. या दोन महिन्यांत एक गवंडी मिळाला नाही? आणि मला आणलंत ते मी संमेलनाध्यक्ष म्हणून. खाली थांबलेत त्यांना कोण आणणार? माणुसकी घेतली की आभार मानावे लागतात, हक्काचे मानावे लागत नाहीत. म्हणून आजच्या भाषणात आभार नाहीत.

रॅम्पचं गणित शाळकरी पोराला जमेल असं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. या पायऱ्या साडेचार फुटांच्या, म्हणजे चोपन्न फुटांचा उतार, मध्ये दम खायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. जागा पुरत नसेल तर वळण घ्या. आंबा घाट काय सरळ चढतो? चिऱ्यांचा तर हा मुलूखच आहे. पण आपल्याकडे रॅम्प बांधतात तो असा उभा, की खुर्ची मागे कोसळावी. त्यावरून साहेबांची मोटारसायकल तेवढी सुखरूप वर जाते.

हे मी दयेपोटी मागत नाही. २०१६ चा अपंग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये निघाले आणि मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारकच हवेत. दरम्यान आमची नावं मात्र भराभर बदलली. अपंगाचा विकलांग झाला, विकलांगाचा दिव्यांग झाला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने आमच्यासाठी स्वतंत्र खातंही काढलं. पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. एसटीत आम्हाला तिकिटावर पंचाहत्तर टक्के सवलत आहे. दारातली ती गुडघाभर पायरी मात्र शंभर टक्के चढावी लागते.

एकदा एका कचेरीने मला हयातीच्या दाखल्यासाठी बोलावलं. टेबल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिपाई खाली आला, मला बघून वर गेला आणि निरोप घेऊन परतला, “साहेब म्हणतात, प्रत्यक्ष हजर व्हा.” मी आवारातून खिडकीकडे बघून हात हलवला. पुन्हा निरोप आला, “असं चालत नाही, वर यावं लागेल.” म्हणजे मी जिवंत आहे हे पटवायला मी आधी वर जायचं! वर जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला फोडून सांगायला नको.

आता आपलं घर बघू. आपण साहित्यिक. आपली पुस्तकं कोण वाचू शकतं? अंध वाचक आता संगणकाकडून, मोबाईलकडून पुस्तक वाचून घेतो. संगणकासाठीचं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. पण आपली कितीतरी पुस्तकं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते. यंत्र प्रामाणिकपणे ती खिचडीच वाचून दाखवतं. तुमची कादंबरी त्या वाचकाच्या कानात अशी पडते. उपाय एका शब्दाचा आहे, युनिकोड. कॉपीराइटचं कारण सांगू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकासाठी पुस्तकाचं रूपांतर करायला लेखकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश २०१४ मध्ये आपणच होतो. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. एका माणसाला जे सुचलं, ते आपल्या प्रकाशकांच्या एवढ्या मोठ्या मांडवाला का सुचू नये? आणि गुलाबराव महाराज! तान्हेपणीच दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि शंभराहून अधिक ग्रंथ. लोक वाचून दाखवत होते, महाराज सांगतील तसं लिहून घेत होते. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडतो. वाचून दाखवणाऱ्यांची ती व्यवस्था तेवढी विसरतो.

कामाचंही तेच. ‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण वापरताना आपण आंधळ्याला हसतो. नीट ऐका. या म्हणीत काम करणारं माणूस एकच आहे, आणि ते आंधळं आहे. पीठ कोण खातंय, हे आपण कधी विचारलंच नाही. सरकारी नोकरीत चार टक्के जागा आमच्या आहेत, त्या किती भरल्या ते विचारा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उठा आणि हिशेब मागा. ज्याला उठता येत नाही त्याने बसून मागावा.

मला नेहमी ऐकवतात, “तुमची माणसं कार्यक्रमाला येतातच कुठे?” पावसात साकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीतलं कोणी बाजाराला येत नाही. म्हणून वाडी ओस पडली असं आपण म्हणतो का? आणि ‘तुमची माणसं’ म्हणजे कोण? पोरगा मुंबईला, आणि पाखाडीच्या चाळीस पायऱ्यांच्या भीतीने वर्षानुवर्षं ओटीवरून न हललेली त्याची आई. ती कोणाच्या यादीत धरायची? पैसे नाहीत हेही सांगू नका. याच तालुक्यात, देवरुखला, इंदिराबाई हळबे मावशींनी १९५४ मध्ये मातृमंदिर ही सेवासंस्था उभी केली, ती काय तिजोरी भरल्यावर?

शेवटी आपल्याच ग्रामदेवतेची साक्ष काढतो. वर्षभर ती देवळात बसते. शिमगा आला की पालखीत बसून निघते, पाखाडी उतरते, व्हाळ ओलांडते, वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत जाते. जिला देऊळ गाठवत नाही त्या म्हातारीच्या खळ्यात पालखी टेकते. म्हातारी ओटी भरते. “देवळात का आली नाहीस?” असं देवी तिला विचारत नाही. देवीला जे कळलं ते कचेरीला, वाचनालयाला आणि साहित्य संमेलनाला कळायला अजून किती शिमगे जायचे आहेत?

पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांसाठी चोपन्न फूट बांधून ठेवा, मग ते धडधाकट असले तरी. आजच्यापुरता, अध्यक्ष म्हणून मला जेवढा अधिकार आहे तो वापरतो. त्या चौघांनी मला शेवटचं एकदा उचलावं आणि खाली न्यावं. मागोमाग माईक आणि सतरंज्या आणा. दुपारचं कविसंमेलन अंगणात, पायऱ्यांच्या खाली होईल. ज्यांना पायऱ्या उतरता येतात त्यांनी यावं.