एकच गडी, दोन कामं




विश्वाचे 100 भाग धरा.
आपल्या ओळखीचं द्रव्य त्यात जेमतेम 5 भाग.
बाकी सारं कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा.

विश्व जन्मताच क्षणार्धात प्रचंड फुगलं, असं मानतात.
ते कुणी फुगवलं?

विश्वाचा विस्तार पुन्हा वेग घेतोय, हे 1998 मध्ये कळलं.
आता कोण ढकलतंय? या ढकलणाऱ्यालाच कृष्णऊर्जा म्हणतात.

काही शास्त्रज्ञ म्हणतात, दोन्हींमागं एकच क्षेत्र असेल.
पेरणीला आणि राशीला एकच गडी, तसं.

क्षेत्र म्हणजे अवकाशभर पसरलेली, ऊर्जा बाळगणारी गोष्ट.
आरंभी ती ऊर्जा अफाट होती.
मग झपाट्यानं उतरली.
उरली थोडीशी.
तीच आजची कृष्णऊर्जा.

पीबल्स आणि विलेन्किन या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये असं प्रतिमान मांडलं.
आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतले वरुण साहनी आणि सहकारी यांनी 2002 मध्ये अशाच प्रकारचं प्रतिमान पारखलं.
त्यांच्या गणितात एक अडचण निघाली.
गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातले तरंग, नको इतक्या उरत होत्या!
गणितानं स्वतःचीच चूक दाखवावी, हे मला फार आवडतं.

आणि कृष्णद्रव्य?
क्षेत्र आपल्या ऊर्जेच्या तळाशी हेलकावत राहिलं, तर ते द्रव्यासारखंच वागतं.
म्हणून काहींनी तिन्ही कामं त्याच्यावरच सोपवली.

पुन्हा सांगतो.
क्षेत्र एकच, कामं दोन.
कदाचित तीन.

अशा क्षेत्राचा पुरावा अजून मिळालेला नाही.
त्यासाठी विश्वारंभीच्या, आदिम गुरुत्वलहरींचा शोध चालू आहे.