तारेचा प्रश्न आणि खिशाचा प्रश्न



या परिषदेला ब्रिटनच्या गावागावांतून आलेले आपल्यातले बरेच जण सध्या घरोघरी हीट पंप बसवण्याच्या कामात आहेत, म्हणून आज त्या एकाच विषयावर बोलते.

ग्राहक आपल्याला दोन प्रश्न विचारतो. ‘आमच्या घरची वीज याला पुरेल का?’ आणि ‘बिल किती येईल?’ पहिला प्रश्न तारेचा आणि दुसरा खिशाचा. तारेचं उत्तर अँपिअरमध्ये द्यायचं: वर्षातल्या सगळ्यात थंड तासाला यंत्र किती खेचेल? खिशाचं उत्तर युनिटांत द्यायचं: वर्षभरात मीटर किती पळेल? हे दोन हिशोब वेगळे आहेत. पण दोन्ही ज्या एका निर्णयावर हलतात तो आपल्या हातात असतो. रेडिएटरमध्ये किती गरम पाणी सोडायचं, हा तो निर्णय.

हे यंत्र या देशाला नवं नाही. 1852 साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी यामागचं तत्त्व मांडलं. 1945 मध्ये जॉन समनर यांनी नॉरिचमध्ये नदीच्या पाण्यातली उष्णता उपसून नगरपालिकेची इमारत गरम केली. मग उत्तर समुद्रात गॅस सापडला. 1967 पासून दहा वर्षांत घरोघरची उपकरणं त्या गॅसवर बदलली गेली आणि बॉयलर घराघरांत शिरला. सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी गृहीत धरून रेडिएटर लहान लहान बसले. आज आपल्यापुढे आहेत ती हीच घरं.

आधी तार पाहू. इथल्या बहुतेक घरांना 230 व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा असतो आणि मुख्य फ्यूज 60, 80 किंवा 100 अँपिअरचा. बाहेर उणे दोन तापमान असताना एखाद्या घरातून 6 किलोवॅट उष्णता बाहेर जाते असं धरा. पाणी 45 अंशांचं ठेवलं आणि यंत्राने त्या हवेत एका युनिटच्या बदल्यात 2.8 युनिट उष्णता दिली, तर वीज लागते साधारण 2.1 किलोवॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर. त्याच घरातला साडेनऊ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर 41 अँपिअर खेचतो आणि गाडीचा 7.4 किलोवॅटचा चार्जर 32. तेव्हा हीट पंपावर ठपका ठेवण्याआधी घरातला बाकीचा लोड मोजा. शॉवर, चार्जर, विजेची शेगडी आणि पंप एकदम चालले, तर 100 अँपिअरचा फ्यूजही अपुरा पडतो. इथे लोड सांभाळणारं उपकरण कामाला येतं: शॉवर सुरू झाला की चार्जर आपोआप मंदावतो.

तरी तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवायला हवेत. एक, जिथे दोन घरांना मिळून एकच सर्व्हिस केबल असते, तिथे वितरण कंपनीला आधी विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. दोन, यंत्रातला राखीव हीटर आणि टाकीतला इमर्शन हीटर. तीन किलोवॅटचा इमर्शन म्हणजे 13 अँपिअर, पंपाहून जास्त. तो जंतुनाशासाठी अधूनमधून चालतो तेव्हा चार्जरही चालू आहे का, हे पाहा. तीन, वेळापत्रक. बॉयलरच्या सवयीने सगळ्यांनीच पहाटे सहाला पंप सुरू केले, तर गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर एकदम भार येतो. रात्रभर मंद गतीने चालणारा पंप तारेलाही सोसतो आणि खिशालाही.

आता खिसा. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरून उचलून आत आणतो. हमालाला जितके मजले चढायला लावाल तितकी मजुरी वाढते, तसंच इथे पाण्याच्या तापमानाचं. ढोबळ मानाने पाणी एक अंशाने कमी ठेवलं की दोन-तीन टक्के वीज वाचते.

आकडे मांडू. घराला वर्षाला 10,000 युनिट उष्णता लागते. गॅस 6 पेन्स युनिट, वीज 25 पेन्स. गेल्या काही वर्षांत विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट राहिलं आहे, म्हणून हे दर धरले. 85 टक्के कार्यक्षम बॉयलरचं गॅसबिल येतं सुमारे 706 पौंड. एका युनिट विजेमागे मिळणाऱ्या उष्णतेची पंपाची वार्षिक सरासरी 2.8 असेल तर वीजबिल 893 पौंड, 3.5 असेल तर 714 आणि 4 असेल तर 625. सरकारी खर्चाने झालेल्या 742 घरांच्या चाचणीत हवेवर चालणाऱ्या पंपांची मधली सरासरी 2.8च्या आसपासच होती. म्हणजे सर्वसाधारण काम केलं तर ग्राहकाचं बिल वाढतं, चांगलं केलं तर गॅसशी बरोबरी होते आणि गॅसचं कनेक्शनच काढून टाकलं तर त्याचा रोजचा स्थिर आकारही वाचतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळणारं 7,500 पौंडांचं अनुदान यंत्र बसवायला मदत करतं, पण दर महिन्याचं बिल भरायला येत नाही.

विजेच्या दरावर सरकारचे आकार लादलेले आहेत, ते कमी व्हावेत ही मागणी रास्तच आहे. पण 2.8 आणि 3.5 यांच्यातला फरक सरकार भरून काढणार नाही. तो दोन रेडिएटर मोठे बसवल्याने, खोलीगणिक उष्णतेचा हिशोब केल्याने आणि गरजेपेक्षा मोठं यंत्र न विकल्याने भरून निघतो. शिवाय कमी तापमानाचं पाणी म्हणजे थंड तासालाही कमी अँपिअर, हे विसरू नका.

पुण्या-नाशिकचे नातेवाईक आपल्याला हाच प्रश्न अंघोळीच्या पाण्यापुरता विचारतात. तिथेही गणित हेच. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला गिझरला साडेतीन युनिट लागतात, तर एकाला तीन देणाऱ्या पंपाला सव्वा युनिटही नाही. तिथली हवा उबदार, म्हणून चढण कमी. महावितरणचे दर वापराच्या टप्प्यांनी चढत असल्यामुळे वाचलेलं युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. पण पाणी तापायला काही तास लागतात, त्यामुळे टाकी आणि तिला जागा हवी, हे त्यांना आधीच सांगा.

शेवटी एक ठराव मांडते. आपल्यापैकी प्रत्येकाने कामाआधी ग्राहकाच्या हातात एक पान द्यावं. त्यावर पाच आकडे: सर्वांत थंड दिवशीची उष्णतेची गरज, पाण्याचं तापमान, यंत्राचे जास्तीत जास्त अँपिअर, वर्षाची अंदाजे युनिटं आणि आजच्या दराने त्यांची किंमत. खाली आपली सही. आणि पहिला हिवाळा सरला की परत जाऊन मीटर वाचावा, अंदाजाशेजारी खरा आकडा लिहावा. पुढच्या परिषदेत आपण ही पानं एकत्र ठेवू. कुणाचा अंदाज किती चुकला, हे तिथे उघडपणे दिसेल, आणि त्यावरच चर्चा करू. दुपारच्या सत्रात या ठरावावर मतं मांडावीत, दुरुस्त्या सुचवाव्यात, ही विनंती.