इतिहासाचा विद्यार्थी आणि देरासरातील लेख



इतिहासाच्या पदवीवर संसार चालतो का, असे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या व्यापारी घरांत विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण या विद्येचे मोल क्रमिक पुस्तकापेक्षा गावातच अधिक कळते. ठाण्याच्या किल्ल्यात इ. स. १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा इ. स. १०१७ चा ताम्रपट मिळाला. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरली आहेत. वाचणारा भेटला, म्हणून ते दाते आज ठाऊक आहेत.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कार्यानुभव आणि संशोधनप्रकल्प आले. असा विद्यार्थी देरासरात अवश्य बोलवावा. धातुप्रतिमेमागील विक्रम संवत वाचणे वाटते तितके सोपे नाही. वैशाखातील प्रतिष्ठेचे इसवी सन काढताना कार्तिकादि गणनेत ५६ वजा करावे लागतात, चैत्रादि गणनेत ५७. तिथीसोबत वार कोरलेला असेल, तर पंचांगावरून पडताळा घेता येतो. नसेल, तर प्रतिष्ठापक आचार्यांच्या काळावरून आणि गावावरून अंदाज बांधावा लागतो. वर्गात बसून हे येत नाही.

इकडे जीर्णोद्धारात घासकामाने अक्षरे झिजतात आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक लेखाचे छायाचित्र घेऊ द्यावे. ठसा घेतल्याने आशातना होत असेल, तेथे छायाचित्र पुरे. विद्यार्थ्याने पूजेच्या वेळा आणि देरासराचे नियम पाळावेत, हे ओघानेच आले. ट्रस्टने त्याला वह्यांचे कपाट उघडून द्यावे.