इंदूरकरांचे पाताळपाणी

गावोगावी जशी एक ग्रामदेवता असते, तशीच बहुतेक गावांना एक विसाव्याची जागाही असते. पुणेकरांना सिंहगड, नागपूरकरांना रामटेक, तसे इंदूरकरांना पाताळपाणी. श्रावण लागतो, चार दिवस पावसाची झड धरते, आणि रामबागेतील एखाद्या घरात कोणीतरी सहज उद्गारते, “धबधब्याला आता भरपूर पाणी आले असेल.” या वाक्यात प्रश्न नसतो, की सूचनाही नसते. तरी त्याच रात्री बाफल्यांसाठी जाडसर कणकेचा डबा खाली निघतो, गोवऱ्या बांधल्या जातात आणि मुलांना झोप येईनाशी होते.

इंदूरपासून हे स्थळ सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. महू मागे पडल्यावर थोड्याच वेळात माळव्याचे सपाट काळे रान एकाएकी संपते. चोरल नदी तोपर्यंत शेतांमधून संथपणे आलेली असते. येथे ती सुमारे ३०० फूट खोल दरीत झेप घेते. ही खोली पाताळापर्यंत पोहोचते, अशी जुनी लोकसमजूत आहे व तिच्यावरूनच नाव पडले, असे सांगतात. दरीपलीकडे विंध्याचे डोंगर उतरत उतरत निमाडात जातात आणि चोरलही त्याच वाटेने नर्मदेला मिळते. येथून जवळच जानापावचा डोंगर आहे. तेथे उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे यमुनेला जाते. एकाच ढगाचे पाणी थोड्याशा अंतराने दोन वाटांना लागते. एक पूर्वसमुद्राला, दुसरे पश्चिमसमुद्राला.

या कड्यावर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला घाटमाथ्याची आठवण व्हावी, हा केवळ मनाचा खेळ नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर लाव्हा बाहेर पडला. त्यातूनच सह्याद्री घडला व माळव्याचे पठारही घडले. होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ. त्या होळच्या माळावरचा काळा पाषाण आणि पाताळपाण्याचा काळा पाषाण एकाच कुळातले आहेत. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग जी घराणी नर्मदा ओलांडून आली, त्यांना येथे सारेच परके भेटले नाही. पायाखालचा दगड तरी ओळखीचा होता.

तथापि ओळख आणि जिव्हाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुंदर स्थळ एकदा पाहून माणूस तृप्त होतो. आवडते स्थळ पाहून तो कधीच तृप्त होत नाही. तो पुन्हा जातो, तो नवे काही पाहावे म्हणून नव्हे, तर जुने जागेवर आहे ना, याची खात्री करून घ्यावी म्हणून. साग तोच, वळण तेच, गोवऱ्यांचा धूर तोच. आईच्या कडेवरून प्रथम पाहिलेली दरी पुढे स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन दाखविताना माणसाला आपल्या आयुष्याचे माप मिळते.

या येण्याजाण्याला आगगाडीने मोठाच हातभार लावला. १८७० साली महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्जाऊ दिले व खांडव्याकडून इंदूरला लोहमार्ग आणविला. १८७८ साली तो इंदूरला पोहोचला. कालाकुंड ते पाताळपाणी हा त्याचा अवघड टप्पा. चाळीस फुटांमागे एक फूट चढण, आणि वाटेत बोगदे व पूल. गाडीला मागून दुसरे इंजिन जोडावे लागे. कालाकुंडला गाडी थांबली, की पानांच्या द्रोणांतून कलाकंद विकायला येई, आणि तो संपायच्या आत खिडकीत दरी दिसू लागे. जानेवारी २०२३ अखेर या घाटातून धावणारी नित्याची मीटर गेज गाडी बंद झाली, कारण रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. मात्र पर्यटकांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये वारसा गाडी सुरू झाली होती, आणि पाताळपाणी ते कालाकुंड हा तुकडा वारसा म्हणून राखण्यात आला. ज्यांनी त्या गाडीतून बालपणी प्रवास केला, त्यांना हे समाधान अपुरे वाटेल. पण अपुरे समाधान हेही समाधानच.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इंदूरकर ज्याला ‘आपले पाताळपाणी’ म्हणतात, ते खरोखर कोणाचे? या रानात भिल्लांची वस्ती सहलींच्या कितीतरी आधीची आहे. इंग्रजी सत्तेला अनेक वर्षे हुलकावणी देणाऱ्या तंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी देण्यात आले. त्याचा देह पाताळपाण्याच्या रुळांजवळ आणून टाकण्यात आला, असे लोक मानतात. तेथे त्याचे देऊळ आहे. त्याच्यासमोर गाडी क्षणभर थांबे. कोणी म्हणे, तो तंट्यामामाला नमस्कार. कोणी म्हणे, उतारापूर्वीची ब्रेकची तपासणी. दोन्ही एकाच वेळी खरे असावयास काय हरकत आहे? पाहुण्याने यजमानाच्या उंबरठ्यावर थबकावे, एवढा अर्थ त्यातून घेतला तरी पुरे.

तो अर्थ विसरल्याची किंमत मोठी असते. १७ जुलै २०११ हा रविवार होता. धबधब्याच्या वरच्या अंगाला सहलीचे लोक नदीपात्रात उतरले होते. एकाएकी लोंढा आला आणि पाच जण कड्यावरून वाहून गेले. त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. नदीचा यात दोष नव्हता. वर कोठेतरी पाऊस पडतो. उथळ खडकाळ पात्र ते पाणी धरून ठेवू शकत नाही. पाहता पाहता घोट्याएवढा प्रवाह कमरेएवढा होतो. माथ्यावर ऊन असतानाही हे घडू शकते. जवळच्या गावचा गुराखी हे जाणतो. पाण्याचा रंग गढूळला, काड्या-पाने वाहत येऊ लागली, की तो गुरे काठावर घेतो. सहलकऱ्याचे प्रेम मात्र बहुधा सुटीच्या दिवसाचे असते. ते नदीचे हसणे ओळखते. तिचा राग ओळखत नाही.

एखाद्या जागेवर जीव जडणे ही माणसाच्या मनाची मोठी शक्ती आहे. पण जीव जडला म्हणजे हक्क मिळाला, असे नव्हे. ओळख वाढविण्याची जबाबदारी मिळाली. वैशाखात पाताळपाणी गेलेल्या माणसाला ही ओळख थोडीशी घडते. धबधबा आटलेला असतो. नुसता काळा कडा, पानझडीने उघडे पडलेले साग आणि दरीतून येणारा गरम वारा. पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणून बहुतेक जण परततात. एखादाच तेथे घटकाभर बसतो. पाणी नसताना बसवलेल्याला पाणी आल्यावर कोठे उभे राहू नये, हे नेमके कळते.

आणि मग श्रावणात, नातू हात सोडवून पात्राकडे धावू लागला, की तोच माणूस त्याचे बोट घट्ट धरतो व म्हणतो, “इथूनच पाहायचे, बाळ. इथूनही ती सगळी दिसते.”