कर्णबधिर मुलाचे दत्तकविधान

दत्तक घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. तिच्या मुळाशी मात्र मुलाची गरज नसे, घराण्याची असे. वंश चालावा, पितरांना पाणी मिळावे, वतन परक्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी मूल हवे. आणि मूल म्हणजे मुलगा. जन्मतः बहिऱ्याला तर मनुस्मृतीने वडिलार्जित संपत्तीत वाटाच नाकारला होता; अन्नवस्त्रापुरताच त्याचा हक्क. मग असे मूल मुद्दाम घरी कोण आणणार? १९५६ साली हिंदू कायद्यात दोन मोठ्या सुधारणा झाल्या. एकीने मुलगीही दत्तक घेण्याची वाट मोकळी केली; दुसरीने शारीरिक व्यंगापायी कोणाचा वारसा बुडणार नाही असे ठरविले.

कायद्याला एका कलमात जे साधते, ते मनाला साधावयास वेळ लागतो. धडधाकट तान्ह्या मुलासाठी आज कित्येक दांपत्ये वर्षानुवर्षे यादीत तिष्ठत असतात, आणि व्यंग असलेली मुले संस्थेतच वाढत राहतात.

बहिरेपणा तर डोळ्यांना दिसत नाही. बहिरे मूलही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकारते, हसते. झोपलेल्या अर्भकाच्या कानात बारीक नळी बसवून काही मिनिटांत होणारी तपासणी आता उपलब्ध आहे. ती न झाल्यास दहा पाळण्यांच्या खोलीत हाकेला मान न वळविणारे मूल ध्यानी यावे कसे? ते ‘शांत’ म्हणून वाखाणले जाते! इकडे भाषा शिकण्यास मेंदू सर्वांत तल्लख असतो ती पहिली तीन-चार वर्षे हातची निघून जातात.

असे मूल एके दिवशी मोटारीत बसून परक्या घरी येते. ‘आता हे तुझे घर’ एवढे साधे वाक्यही त्याला सांगता येत नाही. ओळखीच्या मावशी, पाळणा, सोबती सारे एकाएकी का नाहीसे झाले, हे त्याला कळावे तरी कसे? यासाठी नव्या घराची नि आईबापांची छायाचित्रे आधीच पाठवून मुलाला रोज दाखविणे फार उपयोगी पडते.

पुढची कामे बारीकसारीक, पण रोजची. कान वाढतो तसा श्रवणयंत्राचा साचा नवा करावा लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी घालते. काही मुलांच्या अंतःकर्णात शस्त्रक्रियेने विद्युत्‌यंत्र बसवितात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील लहान मुलांसाठी केंद्र सरकारची योजना आहे, आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिचे काम पाहते. परंतु यंत्र सुरू झाले की शब्द कळू लागले, ही समजूत चुकीची. प्रथम कानी पडतो तो निव्वळ आवाज, आणि पुष्कळ मुले त्याला भिऊन रडतात. आवाजाचा शब्द व्हावयास महिने, वर्षे लागतात.

ओठ वाचण्यावरही फार भिस्त ठेवू नये. पारा, बारा, मारा हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. खिडकीकडे पाठ करून बोलणाऱ्याचे तर तोंडही धड दिसत नाही. खुणांनी वाचा खुंटते, हा समज अनेक वर्षे शाळांतही होता. वस्तुतः मुलाला कोणती तरी एक भाषा वेळेवर आणि भरपूर मिळणे अगत्याचे. भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशाची दहा हजार शब्दांची आवृत्ती २०२१ साली निघाली आहे; आईने भाजी निवडताना त्यातल्या खुणा वापरल्या तर बिघडत काहीच नाही.

भाषा आली की एक प्रश्न येणारच : मी आलो कुठून? ‘दत्तक’ या शब्दाचे चित्र काढता येत नाही. त्या वेळी संस्थेतली ती जुनी छायाचित्रे, मावशींचे, पाळण्याचे, पहिल्या दिवशीच्या मोटारीचे, घरात जपून ठेवलेली असावीत.