फिशटँकचं लाकूड : उचललं आणि टाकलं, असं चालत नाही
(महासंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



खाडीकाठी पावसाळ्यात वाहून आलेली वाकडीतिकडी मुळं, ओंडकी फिशटँकला चालतात का, असं बऱ्याचजणींनी विचारलं. चालतात. शोभेच्या माशांची दुकानं त्याला ड्रिफ्टवूड म्हणतात नि विकत घेतात. पण लाकूड म्हणजे सुकी भाकरी. ज्यात बुडेल ते पिऊन ठेवतं, आणि टँकमध्ये गेल्यावर हळूहळू सोडतं. नदीतला मासा घाण पाण्यातून पळून तरी जाईल, काचेच्या टाकीतला कुठे जाणार? एका गिऱ्हाइकाचे मासे मेले की दुकानदार आपल्या गटाचा माल पुन्हा घेत नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून सगळी मेहनत निवडीत. मेलेलं, पूर्ण सुकलेलं, टणक लाकूड घ्या. नख रुतलं तर ते चुलीत घाला. होडीची फळी, रंग किंवा डिझेलचा वास असलेलं, खिळे असलेलं अजिबात नको. तेल कितीही उकळलं तरी निघत नाही. कण्हेर, शेर विषारी. खाडीतल्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं, त्याला हातच लावू नका. झाड ओळखता येत नसेल तर लाकूड तिथेच सोडा. आणि कांदळवन तोडायला कायद्यानं बंदी आहे. तिथलं सुकलेलं मूळही वनखात्याला विचारल्याशिवाय आणू नका.

आता साफसफाई. साल पूर्ण सोला, पोकळ भाग टोकरा, काथ्याच्या ब्रशानं घासा. साबण, निरमा, फिनेल काही लावायचं नाही, तेही लाकूड पितं! टोकं घासून बोथट करा, नाहीतर गोल्डफिशचे लांब पर फाटतात.

मग मोठ्या टोपात बुडवून तास-दोन तास उकळा. पाणी चहासारखं लाल होईल. ते ओता, नवं भरा, पुन्हा उकळा. रंग फिका होईपर्यंत हेच. उकळल्यानं किडे, बुरशी मरतात, खारही सुटतो. ओंडकं बाहेर काढताना दोघीजणी धरा, पोकळीत साठलेलं उकळतं पाणी अंगावर येतं. टोपात मावत नसेल तर अर्धं-अर्धं उलटून उकळा. आणि हो, तो टोप परत भाताला वापरू नका.

यानंतर पिंपात दगडाखाली दाबून ठेवा, पाणी रोज बदला. दोन आठवडे लागतील, जाड मुळाला महिनाही लागेल. खाडीचं असेल तर घाई नकोच, मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. आपोआप तळाला बसलं की तयार समजा. शेवटी वास घ्या. आंबट-कुजका आला तर विकू नका. वॉर्निशही मारू नका, चमक येते पण पाण्यात सुटतं.

दुकानदाराला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. पाणी थोडं पिवळसर दिसेल, त्यानं माशांना अपाय नाही, पाणी बदललं की कमी होतं. आणि पहिल्या काही दिवसांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, तो ब्रशानं पुसला की काही आठवड्यांत यायचा थांबतो. हे सांगितलं नाही तर लाकूड खराब आहे म्हणून परत येतं.