आपला कांदा आणि परदेश

गटाच्या बैठकीत आपण बचत, व्याज, हप्ता यांवर बोलतो. आज देशादेशांमधल्या संबंधांवर बोलू या. विषय लांबचा वाटेल, पण तो आमच्या गटाच्या कर्जवहीपर्यंत आला होता.

8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद झाली. देशात कांदा महागू नये, हे कारण. तेव्हा आमच्याकडे लाल कांद्याची काढणी चालू होती. भाव पडला आणि गटातल्या काहीजणींचे हप्ते थकले. आम्ही दंड लावणार होतो. त्यातली एक म्हणाली, “ताई, पीक तर चांगलं आलं होतं. मग आमचं चुकलं कुठं?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. दंड माफ केला आणि मग हा विषय समजून घ्यायला बसलो.

अभ्यासक याकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात. एक विचार वास्तववाद. देशांच्या वर कुणी पंच नाही, म्हणून जो तो देश आधी आपलं घर सांभाळतो. निर्यातबंदी त्यातलीच. दुसरा विचार उदारमतवाद. व्यापारानं देश एकमेकांत गुंततात, म्हणून विश्वास टिकवण्यात दोघांचाही फायदा असतो. सप्टेंबर 2019 मध्येही अशीच बंदी आली होती. बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा हसत म्हणाल्या, की आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितलंय. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. पुढे त्यांनी इजिप्त, तुर्कस्तानहून कांदा आणला. दुकान सारखं बंद दिसलं, की गिऱ्हाईक दुसरी वाट धरतंच!

अमेरिकेतल्या अभ्यासक सिंथिया एन्लो तिसराच प्रश्न विचारतात: या सगळ्यात बायका कुठे आहेत? आपणही विचारू या. लागण, काढणी, पात कापणं, निवडणं आपल्याच हातचं. पण सातबाऱ्यावर आपल्यातल्या कितीजणींचं नाव आहे? आणि निर्णयाच्या वेळी आपल्याला कोण विचारतं?

1 एप्रिल 2025 पासून कांद्यावरचं निर्यातशुल्क उठलं. धोरण पुन्हा बदलूही शकतं. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. दर बैठकीत दहा मिनिटं बाजाराची आणि परदेशाची बातमी वाचायची, मगच कर्जाचे अर्ज घ्यायचे. आणि बंदीआधी पूर्वसूचना मिळावी, असा ठराव ग्रामसभेत मांडून खासदारांना पाठवायचा.

तुमच्या गटातही हे बोलून बघा.